सुलाबाईला दोन नवरे दिसले

लासलगावात कांद्याच्या खळ्यावर सुलाबाई कामाला असली की गोण्या भराभर भरायच्या. बाया हसत हसत कांदा निवडायच्या, दमल्याचं कुणाच्या ध्यानातच यायचं नाही. मुकादमाची चाल, व्यापाऱ्याचं नाकातलं बोलणं, सगळ्यांच्या नकला तिच्याजवळ तयार. तिचा नवरा गोरक्ष मात्र ट्रॅक्टर चालवायचा आणि गप्प असायचा. "आमच्या घरचं बोलायचं काम माझ्याकडं हाय," ती म्हणायची, "ह्यांच्याकडं नुसतं ऐकायचं खातं."

माघात तिचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी अंग तापायचं, अन्न नकोसं व्हायचं. थंडी बाधली असेल म्हणून ती मेडिकलमधली गोळी घेऊन पुन्हा खळ्यावर जायची. असे तीनेक आठवडे गेले. मग एका सकाळी चहाचा कप पुढं ठेवणाऱ्या गोरक्षला तिनं विचारलं, "पाव्हणं, कुणाकडं आलात?"

गोरक्ष हसला. खळ्यावर तिनं मुकादमाला आपल्या भावाच्या नावानं हाक मारली, तेव्हा बायाही पोट धरून हसल्या. सुलाबाईची चेष्टा, दुसरं काय!

हसली नाही ती सून, सायली. संध्याकाळी घरी ती गोरक्षला म्हणाली,

"नाना, आई चेष्टा करतात तेव्हा आधी त्यांचे डोळे हसतात. आज डोळ्यात कायच नाय. आन् मघाशी दार उघडलं तर उजेडानं ओरडल्या."

गोरक्षनं बायकोचं डोकं हलकेच पुढं वाकवून पाहिलं. मान लाकडासारखी ताठ. तेवढ्यात तिला भडाभडा उलटी झाली. शेजारच्याची पिकअप होती, तिच्यात गादी टाकून दोघांनी तिला थेट नाशिकच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढला, पाठीच्या कण्यातून सुईनं थोडं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि गोरक्षला बाजूला घेतलं.

"मेंदूभोवतीच्या आवरणाला टीबी झालाय."

"टीबी?" गोरक्ष म्हणाला. "तिला तर खोकला बी नाय."

"टीबी काही फुफ्फुसालाच होतो असं नाही, नाना. रक्तातून मेंदूपर्यंत जातो. सगळे रिपोर्ट यायची वाट बघत बसले तर उशीर होईल. औषध आजच सुरू करते, सूज उतरायचं पण देते. पण वर्षभर एक दिवससुद्धा चुकवायचं नाही."

सुलाबाईची शुद्ध तोवर हरपली होती. सायली म्हणाली, "नाना, तुम्ही बोला त्यांच्याशी. ऐकू येत असेल."

गोरक्ष कॉटजवळ सरकला. मग त्यानं कांद्याच्या लिलावाचं सांगितलं. ट्रॅक्टरचा पट्टा तुटला ते सांगितलं. शेळी व्यायली, दोन्ही पाटी झाल्या, बोकड एक बी नाय, एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय, हेही सांगितलं. सगळ्या संसारात बोलला नसेल एवढं तो त्या लोखंडी कॉटशेजारी बोलला. बोलता बोलता त्याला कळलं, की रोज घरी ऐकवण्यासारखं आपल्याजवळ किती साचलं होतं.

पुढच्या सोमवारी तो असाच बोलत असताना सुलाबाईनं डोळे किलकिले केले. बराच वेळ टक लावून पाहिलं.

"आवो," तिचा आवाज अगदी बारीक होता, "एकाच्या तोंडून शब्द निघत नव्हता, मंग हा दुसरा कशाला आणलाय?"

शेजारच्या कॉटवरची म्हातारीच आधी खुदकन हसली. गोरक्षच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तोही हसत होता. डॉक्टरीणबाई आल्या. डोळा फिरवणारी एक नस दबलीय म्हणून दोन-दोन दिसतंय, सूज उतरली की ठीक होईल, असं त्यांनी समजावलं.

"काय घाई नाय," सुलाबाई म्हणाली. "बोलणारा कोणता त्ये कळू द्या आधी."

घरी आल्यावर चालायला नव्यानं शिकावं लागलं. सायलीच्या खांद्यावर हात टाकून ती ओट्यापर्यंत जायची, तिथं बसून दम खायची. औषधानं लघवी केशरी झाली तेव्हा तिनं गल्लीभर सांगितलं, "यंदा रंगपंचमी आमच्या पोटातच हाय!" खळ्यावरच्या बाया आधी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. हा मेंदूचा आजार आहे, फुफ्फुसं तपासली ती स्वच्छ निघाली, तो कुणाला लागणार नाही, असं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं येऊन सांगितलं. मग त्या बायांतल्या चिमणाबाईनं सगळ्यांदेखत सुलाबाईच्या ताटातली भाकरी मोडली आणि घर पुन्हा गजबजलं.

पावसाळ्यात मात्र सुलाबाई अडून बसली. "आता दिसतं एकच, चालते बी. कशाला ह्या गोळ्या? मळमळतं नुसतं."

सायलीनं पाण्याचा तांब्या पुढं धरला. "आई, तुम्ही बऱ्या झाल्या असं तुम्हाला वाटतं. डॉक्टरांना वाटू द्या, मंग बंद."

"सासू कोण हाय या घरात?"

"गोळी घेईस्तोवर मी."

सुलाबाईनं सुनेकडं पाहिलं, गोळ्या तोंडात टाकल्या आणि मग दोघींना हसू आवरेना.

वर्ष सरलं. नव्या फोटोत सूज नव्हती. डॉक्टरीणबाईंनी औषध थांबवलं. डावा पाय थोडा ओढायचा, तो तसाच राहील म्हणाल्या.

त्याच महिन्यात मनमाडला भाचीची हळद होती. बँजो वाजायला लागला तशी सुलाबाई पदर खोचून मधे गेली. पाय ओढत होता, पण ठेका चुकत नव्हता. पोरींनी तिच्याभोवती गोल धरला. तिनं गोरक्षला हात धरून ओढलं. तो लाजला, त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मग टोपी खिशात घालून नाचायला लागला. जेवणाची हाक दोनदा आली, तरी दोघं थांबली नाहीत.