पेठेकाका आणि मंडळाची एकुलती एक शाल

पेठेकाका कुणाला नमस्कार करू देत नसत. समोरच्याने हात जोडायला घेतले की ते दोन्ही हात पकडत, बोटं फाकवत, खिशातून भिंग काढत आणि बोटांच्या बेचक्यांत डोकावत. लखनौच्या आलमबागेत त्यामुळे ते ज्योतिषी म्हणून प्रसिद्ध होते. एकदा शेजारच्या बाई मुलीला घेऊन आल्या. "पंडित जी, शादी कब तक?" काकांनी हात पाहिला आणि म्हणाले, "शादी का पता नहीं, खुजली नहीं है।" महिन्याभरात त्या मुलीचं लग्न ठरलं. पुढच्या रविवारी काकांच्या दारात रांग लागली.

काका मूळचे मिरजेचे. एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी खरजेच्या किड्यामागे गेली. निवृत्तीनंतर स्कूटरला मलमाची पिशवी अडकवून ते बख्शी का तालाबच्या पुढच्या गावांत जात, पोरांच्या बोटांत डोकावत आणि मलम वाटत. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "संशोधनामुळे राहिलं." मला वाटतं, मुलीकडच्यांचे हात बघितल्यामुळे राहिलं असावं.

त्यांच्यासमोर खाजवणं म्हणजे व्याख्यानाला आमंत्रण. "अगं चिटणीसबाई, किडा खाजवत नाही. तो बिचारा बोगदा खणतो, अंडी घालतो, आपला संसार करतो. खाज आपण आणतो. कातडीत पहारेकरी पेशी असतात, त्या आरडाओरडा करतात, ती खाज." मग त्यांचं आवडतं वाक्य यायचं. "पहिल्या वेळी कातडी लखनवी असते. आइए, तशरीफ रखिए! महिनाभर पाहुणा आत घर बांधतो तरी हिला पत्ता नाही. पण एकदा अनुभव आला की ती पुणेरी होते. दुसऱ्या वेळी किडा आला, की दोन दिवसांत दारावर पाटी!" हे ते पुण्याच्या माणसासमोर मुद्दाम सांगत.

मला ते चिटणीसबाई म्हणत, कारण मी आमच्या मराठी मंडळाची चिटणीस होते. माझे यजमान रेल्वेत इंजिनिअर, मंडळाचे अध्यक्ष कर्नल जगदाळे, आणि मंडळाची मालमत्ता म्हणजे दोन सतरंज्या, एक समई आणि एक शाल. शाल अस्सल लोकरीची, तपकिरी, जरीच्या काठाची. सत्कार कुणाचाही असो, शाल तीच. कार्यक्रम संपला की सत्कारमूर्तीला चहाला गुंतवायचं आणि हळूच शाल परत घ्यायची, हे माझं मुख्य काम. जुन्या लोकांना सवय होती. ते टाळ्या थांबायच्या आत स्वतःच घडी घालून देत.

त्या वर्षी गणपतीत रोज एक सत्कार होता. पहिल्या दिवशी ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणून पेठेकाकांचा झाला. त्यांनी माईकवरूनच जाहीर केलं, "माझा कसला करता? जिचे मोदक दहा दिवस चापता, तिचा करा." म्हणून दुसऱ्या दिवशी रामकलीचा झाला. रामकली मलिहाबादची, आमच्यापैकी चार घरी स्वयंपाक करायची आणि मोदकाच्या कळ्या अशा पाडायची की कोकणातल्या सासवांनी माना खाली घालाव्यात. शाल अंगावर पडल्यावर ती आरतीभर तशीच उभी राहिली, घामाघूम झाली तरी काढेना. मी परत मागायला गेले तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शालीकडे. "अच्छा, वापस होती है?" एवढंच म्हणाली. मला फार लाज वाटली, पण शाल मी घेतली. तिसऱ्या दिवशी कर्नलसाहेब, आणि मग रांगेने बाकीचे.

महिना गेला आणि दसऱ्याच्या आधी अख्खं मंडळ खाजवू लागलं. कबूल कुणीच करेना. कुणी म्हणे डास, कुणी म्हणे नवा साबण. मग कुणाला तरी आठवलं की गणपतीतच, पाचव्या दिवशी, रामकली मोदक वळता वळता मनगट खाजवत होती. झालं! जिला आधी खाज, तिनेच आणली. कर्नलसाहेबांच्या घरी बैठक बोलावली गेली. विषयपत्रिकेवर विषय एकच: रामकलीचं काम चारही घरांतून बंद करणे.

ती व्हरांड्यात चपलांपाशी बसली होती. मला म्हणाली, "दीदी, एक बार खुजली वाली नाम पड़ गया, तो कौन चूल्हा छूने देगा? चार घर हैं हमारे, चारों आप ही लोग हैं।" मीही त्या चारांपैकी एक होते आणि त्या क्षणी माझी बोटंही खाजत होती.

आत पंधरा माणसं गंभीर चेहऱ्याने बसली होती आणि प्रत्येकाचा एक हात कुठे ना कुठे दिसेनासा झाला होता. ठराव वाचून झाल्यावर पेठेकाका उठले. "गाढवांनो," ते प्रेमाने म्हणाले, "लवकर खाजवणारा आणत नसतो. त्याच्या कातडीला जुनी ओळख असते, एवढंच. रामकलीला लहानपणी मलिहाबादच्या बागेत खरूज झाली होती, मला ठाऊक आहे. तिची कातडी पुणेरी. सत्कारानंतर तिसऱ्या दिवशी पाटी लागली! आता सांगा, गणपतीतच आणखी कोण खाजवत होतं?"

सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. शेवटी कर्नलसाहेब उभे राहिले, चक्क सावधान. "मी. भरती झालो तेव्हा बराकीत सगळ्यांना झाली होती. या वेळी शाल घेतल्यावर दोन दिवसांत सुरू झालं. मी... मी म्हटलं, कुर्त्याची खळ असेल."

"शाबास!" काका म्हणाले. "म्हणजे आणली शालीने. आणि शालीत सोडली कुणी? खाजवणाऱ्यांत शोधू नका. मुळीच खाजवत नाही त्याला शोधा."

सगळे हात एकदम थांबले. प्रत्येकाला निर्दोष ठरायचं तर खाजवणं भाग होतं. एक, दोन, तीन, आणि सगळी बैठक मोकळेपणाने, दोन्ही हातांनी, महिन्याभराची हौस भागवत खाजवू लागली. शांत उभे होते ते फक्त पेठेकाका.

ते सगळ्यांत शेवटी त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी बाही वर केली. कोपरावर जाड, राखी पोपडे धरले होते, जुन्या भिंतीला धरतात तसे. खिशातून भिंग काढून त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. "अरे," ते हळू म्हणाले, "तुमच्या अंगावर दहा-पंधरा असतील. इथे तर नगरपालिका आहे. आणि मी याला म्हातारपणाचा कोरडेपणा समजून खोबरेल चोळतोय!"

सगळे हसले. ते हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "चिटणीसबाई, माझी कातडी पुन्हा लखनवी झाली की गं. पहारेकरीच उठेनात. म्हणजे आत काहीतरी मोठं बिघडलंय."

मग त्यांनी रामकलीला आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर हात जोडले. त्यांना नमस्कार करताना मी तेव्हाच पाहिलं. "रामकली, खुजली तुम नहीं लाई। हम लाए।" ती चिडून म्हणाली, "सबके हाथ देखते फिरे साहब, अपने किसी को दिखाए ही नहीं!"

ठराव फाडला गेला. दसऱ्याला लखनौत आपटा मिळत नाही म्हणून आम्ही कचनारची पानं वाटतो. त्या वर्षी प्रत्येक पानाबरोबर मलमाची एक ट्यूब होती. "सोनं घ्या, मलम घ्या, आजच लावा," असं म्हणत कर्नलसाहेब घरोघर फिरले. काकांची ताकीद होती की सगळ्यांनी एकाच संध्याकाळी लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत, लाजायचं नाही. शाल पिशवीत घट्ट बांधून ठेवली. "आठवडाभरात उपाशी मरतील," काका म्हणाले. "लोकर आहे, उकळू नकोस."

ते स्वतः तोवर दवाखान्यात होते. रक्ताचा आजार निघाला, बराच पुढे गेलेला. किडे गेले, आजार राहिला. रामकली रोज मऊ खिचडी घेऊन जाई आणि त्यांची पाठ खाजवून देई. "खाजत नाही गं," ते मला सांगत, "पण खाजवून घ्यायला फार बरं वाटतं."

चैत्रात मंडळाने त्यांच्या खाटेपाशीच सत्कार केला. शाल पांघरल्यावर काकांनी विचारलं, "चहाला कधी गुंतवतेस?" मी म्हटलं, "या वेळी परत न्यायची नाही, काका." त्यांनी शालीचा काठ चाचपला. "मग माझ्यामागे रामकलीला दे. तिची घेतलीस ना परत, ते काही बरं केलं नाहीस."

जूनमध्ये, मलिहाबादचे दशहरी आंबे बाजारात यायच्या सुमारास काका गेले.

शाल रामकलीला द्यायच्या आदल्या दिवशी मी ती हातात घेतली आणि माझी बोटं खाजल्यासारखी वाटली. शालीत काही नव्हतं, मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी ती मोठ्या पातेल्यात उकळली. बाहेर काढली तेव्हा ती आटून लहान मुलीच्या ओढणीएवढी झाली होती, घट्ट आणि जाड, काठाची जर चोळामोळा झालेली.

तशीच घेऊन गेले. काय झालं ते खरं खरं सांगितलं आणि माफी मागितली. रामकलीने ती खांद्यांवर टाकली. कशीबशी दोन्ही खांदे झाकत होती. तिने दोन्ही टोकं छातीशी धरली आणि मला विचारलं, "दीदी, अब तो कोई वापस माँगने नहीं आएगा न?"