मायाप्पाचं पंचिंग मशीन

निपाणीच्या मायाप्पा कांबळेला जुन्या इंग्रजी मासिकांचा नाद आहे असं सांगितलं, की नवा माणूस त्याला विद्वान समजतो. हा गैरसमज मायाप्पा स्वतःच दूर करतो. "आपलं इंग्रजी अर्जापुरतं," तो सांगतो. "मासिकात अर्ज नसत्यात, म्हणून अडचण येती."

पण नाद खरा. बेळगावच्या कॅम्पातला एखादा जुना बंगला रिकामा झाला, की गोऱ्या साहेबांच्या काळची मासिकं खासबागच्या भंगारवाल्याकडे येतात आणि तो मायाप्पाला फोन लावतो. शिकारी, पोलो, मडमांच्या टोप्या, साबणाच्या जाहिराती. बावीस वर्षं हा माणूस बसमधून असले गठ्ठे मांडीवर घेऊन येतोय. त्याची बायको मंगल म्हणते, "लोकांची माणसं म्हातारपणी देव हुडकत्यात, आमचं हे मडमा हुडकतंय."

मायाप्पा हुडकत होता आपला आजा. आजा शामू कॅम्पात एका साहेबाचा घोडा राखायचा. साहेबानं घोड्याबरोबर त्याचाही फोटो काढला आणि तो इंग्रजी मासिकात छापून आला, अशी घरात ऐकीव गोष्ट होती. घरात त्याचा एकही फोटो नाही, आणि मायाप्पा जन्मायच्या आधीच तो गेला. आजाचं तोंड एकदा बघायचं, एवढीच मायाप्पाची इच्छा होती.

आता आडवं आलं ते त्याचं वळण. मायाप्पानं तीस वर्षं सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. तिथं त्याचा शिरस्ता असा, की आलेल्या कागदाला आधी भोकं पाडायची, दोरी ओवायची, मग वाचायचा; वाचत बसलं की कागद हरवतो. निवृत्त होताना त्यानं निरोपाच्या शालीबरोबर आपलं जुनं पंचिंग मशीनही मागून घेतलं. घरी येणारं प्रत्येक मासिक पाच-पाच पानं करून त्याखालून जाई, आणि मगच उघडलं जाई. इतक्या जुन्या कागदाला भोकं पाडू नयेत, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं ते आधी लेखी मागितलं असतं.

गेल्या जानेवारीत एक गठ्ठा आला. मायाप्पानं भोकं पाडली, दोरी ओवली, चष्मा पुसला आणि पानं उलटायला लागला. एका पानावर पानभर फोटो होता. घोड्यावर साहेब, खाली बेळगावचं नाव, साहेबाचं नाव, घोड्याचं नाव. कडेला लगाम धरून तिसरा माणूस उभा, त्याचं मात्र नाव नाही. आणि तोंडही नाही. तोंडाच्या जागी गोल भोक, त्यातून ओवलेली दोरी दिसत होती. साहेब कायम मधोमध आणि नोकर कडेला. मशीनही भोक कडेलाच पाडतं.

मासिक घेऊन तो मागच्या खोलीत सुलाबाई आत्तीकडे गेला. ती शामूची लेक, नव्वदी ओलांडलेली. तिनं पान डोळ्यांजवळ धरलं.

"माझा बा हाय ह्यो."

"आत्ती, तोंड कुठाय त्याला?"

"पाय बघ की. डावा पाय आडवा टाकून उभारायचा. मान खाली. साहेबाच्या तोंडाकडं बघायची सोय न्हवती, रं." मग तिचं बोट भोकावर आलं. "तोंड कुणी काढलं ह्याचं?"

"म्या," मायाप्पा म्हणाला. नोकरीच्या तीस वर्षांत त्यानं एकही चूक इतक्या लवकर कबूल केली नव्हती.

मागोमाग आलेल्या मंगलला आधी हसू आलं. नवऱ्याकडे बघून तिनं ते गिळलं. "मशीन झाडलंय का?"

"न्हाय."

तिनं सूप आणलं, मशीनचं बूड उघडून भोकांच्या गोल टिकल्या त्यात उपड्या केल्या आणि तांदळातले खडे निवडावेत तशी निवडायला बसली. पहिल्यांदा एका मडमेचा कान निघाला, मग कुत्र्याचा डोळा. मायाप्पा समोर बसून होता. आपल्याइतका गाढव निपाणीत दुसरा नसेल याची त्याला खात्री पटली होती. चहाच्या वेळेला मंगलनं एक टिकली बोटाच्या टोकावर धरली. मुंडासं, नाक, खाली वळलेले डोळे, घट्ट मिटलेले ओठ.

"अगदी तुमचंच त्वांड," ती म्हणाली. "रुसल्यावरचं."

मायाप्पा बायको आणि आत्तीसमोर ढसाढसा रडला.

मग त्यानं दोरी सोडली, भोकाच्या मागून कागद लावला आणि भाताच्या शितानं तोंड जागेवर चिकटवलं. शीत ओलं होतं, टिकली जरा फिरून बसली. वाळल्यावर बघतो तर शामूची मान वर झालेली, नजर थेट घोड्यावरच्या साहेबाच्या तोंडाकडे.

मंगल म्हणाली, वाफ देऊन काढता येईल, नीट लावा.

"ऱ्हाऊ दे," मायाप्पा म्हणाला.