सोबतीला आलेले काका

आमच्या आण्णांचे, म्हणजे वडिलांचे, हे दोस्त जन्माला येतानासुद्धा कुणाच्या तरी सोबतीला म्हणूनच आले असावेत, अशी लहानपणी माझी पक्की खात्री होती. त्यांना जुळा भाऊ किंवा बहीण नाही, हे मी पुढे त्यांच्या थोरल्या बहिणीला विचारून घेतलं. पण खात्री काही गेली नाही. आम्ही त्यांना काका म्हणायचो. सख्खे नव्हते, चुलत नव्हते, भावकीतले तर नव्हतेच. सिरसाळ्यात आण्णांचं शिलाईचं दुकान आणि काकांचं गावालगत शेत, या दोहोंचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी सकाळची धार काढून झाली, की काका दुकानाच्या पायरीवर येऊन बसत आणि आण्णा कुठे निघाले की उठत. "कुठं निगालास बे?" एवढंच विचारत. उत्तर येईपर्यंत त्यांचा पाय चपलेत गेलेला असे.

सोबत्याचा काहीतरी उपयोग होतो, अशी आपली भाबडी समजूत असते. काकांनी ती आमच्या घरातून कायमची हद्दपार केली. म्हैस घ्यायला आण्णांबरोबर बाजारात गेले, तर विकणाऱ्यासमोरच तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "लई गुणाची दिसतीया. असली जनावरं आता बघायला न्हाईत." विकणाऱ्याने लगेच भाव चढवला. आण्णांची दाढ काढायची होती तेव्हा काका हट्टाने आत खुर्चीजवळ उभे राहिले. डॉक्टरांनी चिमटा उचलला मात्र, काकांनी असा काही टाहो फोडला, की बाहेर बसलेले दोन पेशंट दाढेसकट घरी गेले. आण्णा त्यांना घरी येऊन शिव्या घालत आणि काका त्या चहाबरोबर शांतपणे ऐकून घेत. "तुला एकट्याला कसं जाऊ द्यावं?" हे त्यांचं सगळ्याला उत्तर होतं.

माझ्या लग्नाच्या वेळची गोष्ट तर आमच्याकडे अजून जेवणावळीत सांगतात. तलवाड्याचं स्थळ आलं होतं. पाहुणे मला पाहून गेले होते, आता आमच्याकडच्यांनी त्यांचं घरदार पाहायला जायचं होतं. काका येणार हे कुणी ठरवलं नाही, कारण ते ठरवायचा प्रश्नच नव्हता. म्हशीचा अनुभव गाठीशी असल्याने आण्णांनी त्यांना जीपमध्ये बसण्याआधीच बजावलं, "तिथं तोंड उघडायचं न्हाई. एक शब्द बोललास तर बघ." काकांनी मान हलवली. पुढे ती मानच काय ती हलत राहिली. चहा घेणार का, तर मान. प्रवास कसा झाला, तर मान. विहिरीला पाणी बघा म्हटलं, तर वाकून पाहिलं आणि परत मान. शेवटी मुलाच्या वडिलांनी आण्णांना हळूच कोपऱ्यात घेतलं आणि फार आदबीने विचारलं, "पावणं, राग मानू नका. ह्ये मुलीचे काका न्हवं? त्यांना पहिल्यापासूनच बोलता येत न्हाई का? म्हंजी, तुमच्या घराण्यात आनखी कुणाला..."

स्थळ हातचं जायची वेळ आली. आण्णा घाईघाईने म्हणाले, "बोलतो की! अरे बोल ना बे!" काकांनी आण्णांकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. शब्द म्हणजे शब्द. अखेर आण्णांनी सगळ्यांच्या देखत "तुला बोलायची परवानगी हाय" असं जाहीर केलं, तेव्हा काकांनी सकाळपासून तुंबलेलं सगळं एकदम बाहेर सोडलं: विहिरीचं पाणी, चहातली साखर, मुलाचे कान, सगळं. सासरे अजून म्हणतात, मुलीच्या बापापेक्षा त्या काकाकडे पाहून आम्ही हो म्हटलं. सांगितलं तर चारचौघांत मुका व्हायला तयार असलेला दोस्त ज्याच्याकडे आहे, त्याची लेक वाईट कशी निघेल, असा त्यांचा हिशेब होता.

एक गोष्ट मात्र आमच्या उशिरा लक्षात आली. काकांना स्वतःचं काम कधी नसायचं. म्हणजे असायचं, पण त्याला ते कुणालाच सोबत नेत नसत. काकू आजारी होत्या तेव्हा त्यांना घेऊन लातूरच्या खेपा त्यांनी एकट्यानेच केल्या आणि आण्णांना कळलं ते सगळं निभावल्यावर. आण्णा महिनाभर फुगून बसले होते. मी काकांना विचारलं, "आण्णांना का नाही नेलं?" तर म्हणाले, "त्याचं दुकान बंद पडतं गं." स्वतःचं शेत तणाने भरून गेलेलं चालत होतं, आण्णांचं दुकान एक दिवस बंद राहिलेलं चालत नव्हतं.

आण्णांच्या हर्नियाचं ऑपरेशन अंबाजोगाईला ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. हे ऐकणाऱ्यांत काकाही होते. दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन त्यांना दवाखान्याच्या पायऱ्यांवर शोधत होती आणि ते "मला भूक न्हाई वहिनी" म्हणत होते. "तो उपाशी असल्यावर मी कसा खाऊ?" हे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. त्यांना साखरेचा आजार आहे, सकाळची गोळी मात्र त्यांनी नेमाने घेतली होती. आण्णांना आत न्यायला माणूस आला आणि काका दारातच कोसळले. मग ऑपरेशनचे कपडे घातलेले आण्णा खाटेवरून खाली उतरले आणि "साखर आणा, साखर!" म्हणत काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्या गडबडीत त्यांनी स्वतःही काकांना पाजून उरलेल्या गोड चहाचे दोन घोट घेतले. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

मागच्या उन्हाळ्यात काकांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. काकू गेल्यापासून ते एकटेच होते, गुडघे पार गेले होते. मुलाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पायरी रिकामी झाली आणि त्याच सुमारास आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं निघालं. शिंप्याचे डोळे म्हणजे त्याचं दुकान. सुईत दोरा ओवायला गिऱ्हाईकाला सांगायची पाळी आली, सदऱ्याची काजं एका रेषेत येईनात. ऑपरेशन लांबवाल तर मशीन बंद करावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आण्णांचं एकच, "तो आला की करू." फोनवर काका दर वेळी म्हणत, "तू एकटा जाऊ नगंस. मी निगालोच." मागून मुलाचा आवाज येई, "बाबा, गुडघ्यांचं काय?" दिवाळी अशीच गेली. एक दिवस आण्णांनी मशीनची सुई स्वतःच्या बोटातून आरपार घातली, तेव्हा मी केजच्या शाळेतून रजा टाकून आले आणि त्यांना न विचारता गाडी दारात उभी केली.

मी शिक्षिका आहे. मला सगळं वेळेवर लागतं. कागदपत्रं तयार होती, थेंब वेळेवर पडले, नंबर आला तेव्हा आम्ही दारातच होतो. कुणी ओरडलं नाही, कुणी कोसळलं नाही, एका डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या वेळी झालं. आमच्या घरात इतकं सुरळीत आजवर काहीही झालेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर आण्णा डोळ्यावर हिरवी पट्टी लावून गप्प बसले होते. इतके गप्प, की मला थोडं लागलंच.

"आण्णा, मी होते की सोबतीला. काही कमी पडलं का?"

"न्हाई गं माय. लई केलंस तू," ते म्हणाले आणि माझ्या हातावर हात ठेवून राहिले. गाडी बरीच पुढे गेल्यावर, बाहेरच्या उसाकडे तोंड करून म्हणाले, "पर तू लेक हायेस. तू येणारच व्हतीस. त्याला का म्हून यायचं व्हतं, सांग बरं?"