जोगळे घरी जातो

दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली आहे आणि मेकअपरूममधल्या खुर्चीत शर्वाणीचे डोळे जड होत चालले आहेत. बाहेरचे आवाज एकेक करून लांब जातात. संध्याकाळपर्यंत तिला एक मरण लिहून द्यायचं आहे. नुसत्या वासावरून गुन्हेगार ओळखणारा मालिकेतला इन्स्पेक्टर जोगळे इतकी वर्षं तिनंच लिहिला. त्याचं काम करणारे दत्ताराम केळुसकर गणपतीनंतर वारले. आता चॅनेलला जोगळे स्फोटात मरायला हवाय. मालिकेत तरणा अधिकारी आणायचाय.

शेजारच्या खुर्चीत दत्ताभाऊ बसले आहेत, हातातोंडाला जोगळेचा तपकिरी मेकअप लावून. ते गेलेत हे तिला ठाऊक आहे, पण तोंडावर म्हणणं बरं दिसत नाही.

"दमलीस गो बाय," ते म्हणतात.

"तुम्हीपण."

ते उठतात, ती मागोमाग जाते. सेटवरचं पोलीस ठाणं, प्लायवूडच्या भिंती. कोठडीचं दार ढकललं तर आत तिचंच डोंबिवलीचं स्वयंपाकघर, आणि ओट्याला लागून समुद्र. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून दत्ताभाऊ छाती भरून श्वास घेतात. मग सांगतात, त्यांना कधी कसला वासच येत नव्हता. तरुणपणीच्या एका तापात जो गेला तो गेलाच. कॅमेऱ्यासमोर नाकपुड्या फुलवायच्या आणि तिनं लिहिलेलं म्हणायचं. काम जाईल म्हणून कुणाला बोलले नाहीत, बायकोलासुद्धा.

"आणि आता?"

"आता सगळं येतं. खारं, कुजकं, सगळं." ते तिचं मनगट धरतात. "त्याला उडवू नको. किती धावलाय तो. घरी पाठव."

"चॅनेल ऐकायचं नाही."

"तू लिही तर."

कुणीतरी दारावर टकटक करून शॉट तयार असल्याचं सांगतं. शर्वाणी जागी होते. शेजारची खुर्ची रिकामी आहे.

ती लॅपटॉप उघडते. एका सकाळी जोगळेला वास येईनासा होतो. तो टोपी टेबलावर ठेवतो, घरी जातो आणि भरदुपारी गाढ झोपतो. बस, एवढंच. चॅनेलचा फोन येतो तेव्हा ती सांगते, स्फोट नाही. पटत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्या.  पाठवा, बघतो, असं उत्तर येतं.

फोन ठेवताना तिची बाही वर सरकते. मनगटावर तपकिरी मेकअपची चार बोटं उमटली आहेत. अजून ओलसर.