दहावा बॉक्स

रंगराव केबलवाल्यांच्या स्वतःच्याच घरात केबल नाही, ही बातमी आमच्या ‘मैत्रबन’ सोसायटीत पाण्याच्या टँकरपेक्षा लवकर पोचली. ए विंगमध्ये ती “अहो, ऐकलंत का” अशी साधीच निघाली होती. बी विंगमध्ये येईस्तोवर रंगरावांनी भिंतभर टीव्ही घेतला होता, त्यावर चार अ‍ॅप टाकली होती, आणि पडदे ओढून ते आपल्याच धंद्याच्या वैऱ्याचा माल चोरून बघत होते. दुसऱ्या मजल्यावरचे शरच्चंद्र आगाशेकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण कुठे काय अडवायचं ते अजून विसरलेले नाहीत. त्यांनी जिन्यातच निकाल दिला, “डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरकडे जातो हे मी समजू शकतो. पण गुपचूप?”

आता खरं काय ते. रंगरावांच्या वारज्याच्या घरात एक अ‍ॅप आहे, पण ते त्यांच्या पत्नीच्या, सोजरबाईंच्या फोनवर. फोन पिठाच्या डब्याला टेकवून त्या भाकरी थापताना मालिका बघतात. गुपचूप म्हणाल तर आवाज चौकातल्या पंक्चरवाल्यापर्यंत जातो. सोजरबाईंचा एखादा भाग चुकला तर पुढचं तोच सांगतो. राहिले रंगराव. ते काहीच बघत नाहीत. बावीस वर्षं लोकांच्या घरी चित्र पोचवणाऱ्या या माणसाने एकही कार्यक्रम दोन मिनिटांच्या वर पाहिलेला नाही. चित्र आलं, आवाज आला, निघाले. अमुक मालिकेत सध्या काय चाललंय असं विचारलं तर म्हणतात, “येक बाई रडत हुती. पन रंग चांगला येत हुता.”

अंगाने काडी, खांद्याला पिशवी, कमरेला पक्कड, आणि फोन उचलला की एकच वाक्य: “बोला, रंगराव.” जणू समोरचाच रंगराव आहे. तक्रार कुठलीही असो, औषध ठरलेलं. “बॉक्स बंद करा. धा आकडे मोजा. चालू करा.” आणि मोजायचे ते मोठ्याने, फोनवर, त्यांना ऐकू येतील असे. कारण त्यांचा अनुभव असा की शिकलेली माणसं चारपर्यंतच मोजतात आणि दहा झाले म्हणून सांगतात. त्यामुळे आमच्या सोसायटीत मोठमोठे हुद्दे भूषवलेली माणसं हॉलमध्ये उभी राहून बालवाडीसारखी “सहा… सात…” करताना सगळ्या विंगांनी ऐकलेली आहेत.

ही नक्कल प्रस्तुत लेखिका फार बरी करते. वय सोळा, नाव पूर्वा, सोसायटीतला एकही घसा तिने सोडलेला नाही. रंगरावांचा आवाज त्यातला सोपा. घशात थोडी माती घ्यायची आणि नाकात थोडं हसू.

मैत्रबनमध्ये अठ्ठेचाळीस घरं. एके काळी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घरांत रंगरावांचा भाड्याचा बॉक्स होता. मग घरोघरी इंटरनेट आलं, मुलांनी आईबापांना अ‍ॅप घेऊन दिली, आणि रंगराव बॉक्स लावायला कमी आणि काढायला जास्त येऊ लागले. त्यांच्या ताब्यातल्या बाकी इमारती एकेक करून गेल्या. आमची शेवटची उरली. तिच्यातही या एप्रिलपर्यंत घरं उरली होती दहा.

दहा हा आकडा महत्त्वाचा. वरच्या कंपनीने पत्रच पाठवलं होतं की इमारतीत दहापेक्षा कमी बॉक्स झाले तर महिनाअखेरीला गच्चीवरचा अ‍ॅम्प्लिफायर उतरवून लाइन बंद करा. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारची ती राखाडी लोखंडी पेटी, जी सगळ्या घरांना सिग्नल पुरवते. पेटी गेली की उरलेल्यांचाही टीव्ही काळा. आणि रंगरावांना ‘केबलवाले’ म्हणण्याचं कारणही संपलं. ही पेटी त्यांनी स्वतः बसवलेली. इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांची, गेनबांची ज्वारी होती. गच्चीवर गेले की रंगराव पार्किंगमधल्या एका पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवून सांगतात, “थितं आमची हीर हुती. आता थितं सोळा नंबरची गाडी हाय. ती बी कवा चालू हुत न्हाई.”

तर एप्रिलच्या पंधरा तारखेला आगाशेकाकांनी फोन करून सांगितलं, “रंगराव, आपला बॉक्स घेऊन जा. सौमित्रने अ‍ॅप दिलं आहे.” सौमित्र म्हणजे त्यांचा मुलगा, बंगळुरूला असतो.

रंगराव आले. प्रस्तुत लेखिकाही आगाशांच्या कुसुमकाकूंना कढीपत्ता द्यायच्या निमित्ताने तिथे होती.

“बसा,” काका म्हणाले. “त्या खुर्चीवर नको, ती हलते. आता आम्हाला आपली गरज उरलेली नाही, पण जाण्यापूर्वी ते अ‍ॅप तेवढं चालू करून द्या.”

दुसरा असता तर उठला असता. रंगरावांनी टीव्हीचा रिमोट हातात घेतला. पासवर्ड काकांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवला होता.

“आपण जरा भिंतीकडे बघा.”

“काका, बटनं मलाच दाबायची हायत.”

“मग न वाचता दाबा.”

शेवटी काका एकेक अक्षर कानात सांगत गेले आणि रंगराव बाण सरकवत गेले. तोंडातल्या तोंडात वाचणाऱ्या काकांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट येत होता. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “माझ्याच नावाचं कुलूप केलंय की हो सौमित्रने! आणि मलाच सांगितलं नाहीत.”

कुलूप उघडलं. पडद्यावर प्रश्न आला, कोण बघतंय? खाली तीन चौकोन. एकावर सौमित्र, दुसऱ्यावर अस्मिता, म्हणजे सूनबाई, आणि तिसऱ्यावर हसरं अस्वल.

“सौमित्रच्या नावावर जाऊन बसणं म्हणजे त्याचं पत्र फोडण्यासारखं आहे,” काका म्हणाले.

“मग अस्मिताच्या?” काकू म्हणाल्या.

“काहीतरीच. सुनेच्या? हे अस्वलाचं कुणाचंच दिसत नाही. ते घ्या.”

“काका, ते ल्हान पोरांचं हाय,” रंगराव म्हणाले. “तुमच्या नावाचं नवं काढून देऊ का? दोन मिन्टांचं काम.”

“मुलाला न विचारता त्याच्या घरात नवी खोली बांधायची? आणि लहान मुलांचं म्हणजे काय हो? बाकाला बसणाऱ्याचं वय कळत नसतं. दाबा.”

रंगरावांनी दाबलं. अस्वल पडदाभर झालं. बॉक्स, वायर आणि बॉक्सचा रिमोट पिशवीत घालून ते निघाले, आणि मैत्रबनमध्ये बॉक्स उरले नऊ.

जिन्यात लेखिकेने गाठलंच. आगाशेकाकांचा आवाज काढून म्हणाली, “रंगराव, आता आम्हाला आपली गरज उरलेली नाही.” रंगराव हसले खरे, पण मग पायरीवरच बसले आणि कंपनीच्या पत्राची सगळी गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली.

“मग वर जाऊन सांगा ना त्यांना!”

“पाया पडून चित्र दाखवत न्हाईत, पूर्वाबाय.”

“म्हणजे पेटी उतरवणार?”

“न्हाई उतरवत. म्हैना संपायच्या आत आगाशे बॉक्स परत मागत्यात.”

“आगाशेकाका? ते चुकीच्या बसमध्ये चढले तर शेवटच्या स्टॉपपर्यंत जातात, आणि तिथे उतरून म्हणतात, इथेच यायचं होतं.”

“त्ये खरंय. पन काकूंचं दूध जाहिरातीवर तापतं.” आणि रंगरावांनी बोटावर हिशेब मांडला. बावीस वर्षांत काकूंचा तक्रारीचा फोन कधी आला, तर कायम सात पस्तीसला. कारण साडेसातची मालिका, पाच मिनिटांनी पहिली जाहिरात. पहिल्या जाहिरातीला दूध गॅसवर, दुसरीला गॅस बंद, तिसरीला कुकर, आणि मालिका संपली की पानं. “त्या घरात घड्याळ भिंतीवर न्हाई, बॉक्सात हाय. त्ये आता माझ्या पिशवीत हाय. लाव पैज.”

लावली. रंगराव हरले तर गणपतीत स्टेजवर उभे राहून लेखिकेची नक्कल करणार. लेखिका हरली तर आठवडाभर आगाशांच्या घरी साडेसातची मालिका पूर्ण बघायची, जाहिरातींसकट, आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ज्या मुलीने परीक्षेच्या हॉलमध्येही पर्यवेक्षकांचा खोकला काढला होता तिला यात धोका दिसायला हवा होता. पण समोर आगाशेकाकांचा ताठा दिसत होता, आणि तो सिमेंटचा होता.

दुसऱ्याच संध्याकाळी जिन्यात करपल्या दुधाचा वास आला.

अस्वलाच्या कार्यक्रमाला जाहिरात नव्हती. एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा सुरू. काकू आता संपेल, मग संपेल म्हणत बसून राहायच्या आणि आत दूध ओट्यावरून फरशीवर यायचं. लेखिकेने त्यांना थांबवायचं बटण दाखवलं. काकूंनी ते एकदा दाबून पाहिलं. “नको गं बाई. ते अस्वल एक पाय वर करून माझ्याकडे बघत राहतं. मला स्वयंपाकघरात लक्ष लागत नाही.”

काका मात्र फिरायला जाताना सांगत, “केबलवर काय होतं हो? आरडाओरडा. इथे बघा, संवाद मोजके, संगीत संयत, आणि मैत्री या विषयाची मांडणी अतिशय प्रगल्भ.” सी विंगच्या माणसांना वाटलं, काका परदेशी चित्रपट बघतात. प्रगल्भ मांडणी करणारं ते अस्वल आणि त्याचा ससा मित्र मधाच्या बरणीवरून भांडले होते, हे फक्त लेखिकेला ठाऊक होतं.

बावीस तारखेला काकूंची आमटी लागली. चोवीस तारखेला रात्रीचं जेवण साडेनऊला झालं, आणि काकांनी औषधाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर यावर स्वतःशीच वाद घातला. पण फोन काही केला नाही. लेखिका खुशीत होती. गणपतीत रंगराव बायकी आवाज कसा काढतील याची नक्कल तिने आधीच बसवून ठेवली.

सव्वीस तारखेला कंपनीची दोन माणसं येऊन गच्चीवरच्या पेटीचे फोटो काढून गेली. “तीस तारखेला उतरवू, काका,” त्यातला एक रंगरावांना म्हणाला. रंगराव “बरं” म्हणाले. मग त्यांनी पेटीवरची कबुतराची घाण खरवडून काढली, झाकणाचा सैल स्क्रू पिळला, आणि दोघं गेल्यावरही बराच वेळ टाकीच्या सावलीत उभे राहिले. त्या दिवशी त्यांना कुठली नक्कल करून दाखवावी असं लेखिकेला वाटलं नाही. पैज मागे घेऊ का, असं तिने विचारलं मात्र.

“का? हरायला लागलीस व्हय?” रंगराव म्हणाले.

अठ्ठावीस तारखेला सकाळी सोसायटीच्या फलकावर सुवाच्य अक्षरात एक कागद लागला.

“सूचना. केबलचा बॉक्स नेताना रिमोटमधील दोन सेल, आमच्या मालकीचे व मार्चमध्येच घातलेले असूनही, नेले गेले आहेत. ते आणून द्यावेत. नुसते सेल आणणे प्रशस्त वाटत नसल्यास रिमोटसह आणावेत. रिमोट एकटा निरुपयोगी असल्याने सोबत बॉक्स आणल्यास आमची हरकत नाही. वेळ सायंकाळी सातच्या आत. श. वि. आगाशे.”

रंगरावांनी तो दोनदा वाचला. लेखिकेने शेवटची धडपड केली. “यात मागितलाय कुठे? ‘हरकत नाही’ म्हटलंय फक्त.”

“पाटबंधाऱ्याचा मानूस हाय त्यो. पानी सोडतो असं कवाच म्हनत न्हाई. दार उघडायला हरकत न्हाई म्हनतो. पानी आपलं आपन येतं.”

पावणेसातला बॉक्स जागेवर बसला. चित्र आलं, आवाज आला. काकू पडद्याकडे न बघता घाईने आत गेल्या आणि दुधाचं पातेलं काढून ठेवून आल्या. काकांनी सेल काढून तपासले, आपलेच आहेत याची खात्री केली, आणि दारापर्यंत पोचवायला आले. तिथे त्यांनी आवाज खाली आणला. “रंगराव, ते अस्वल… ते केबलवर कुठल्या क्रमांकावर लागतं?”

“बघून सांगतो, काका.”

“माझ्यासाठी नाही. कुणी विचारलं तर.”

रंगरावांनी जिन्यातूनच कंपनीला फोन लावला. “बोला, रंगराव,” स्वतःच म्हणाले, आणि मग, “मैत्रबन, धा. व्हय, मोजून धा. पेटी ऱ्हाऊ द्या.” फोन ठेवून त्यांनी लेखिकेला आगाशांच्या दाराकडे हात करून दाखवला.

एकोणतीस एप्रिलपासून सात संध्याकाळी प्रस्तुत लेखिका आगाशांच्या हलत्या खुर्चीवर तोंड मिटून बसली. मालिकेतली सासू जिना उतरायला एक अख्खा भाग लावायची, आणि तिचा आवाज असा की कुणीही काढावा. चौथ्या दिवशी रंगरावांनी दारातून डोकावून विचारलं, “जित्ती हाय का?” उत्तर द्यायची परवानगी नव्हती.