सत्याप्पाची टाळी

आमच्या गल्लीतला सत्याप्पा बंद खोलीत एकटाच टाळ्या वाजवतो, ही बातमी निपाणीभर मीच पसरवली. कबूल करतो. भिंतीला भिंत लागून घर असल्यावर माणसानं कान ठेवायचे तरी कुठे?

सत्याप्पा तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढून घरी बसलेला. बायको तानीबाई विड्या वळायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी पारमिता बेंगळुरात इंजिनियर, तिची अक्षरा नऊ वर्षांची. मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच फुटलेली, म्हणून दर रविवारी सत्याप्पा जावयाच्या जुन्या हँडीकॅमपुढं बसून नातीला वखारीतल्या गोष्टी सांगायचा. स्टँडजवळच्या स्टुडिओतली दिपाली त्या बेंगळुरला पाठवायची.

एकदा पारमितानं कळवलं, की आप्पा, तुमचं बोलणं कळतच नाही. पंखा घरघरतो, शेजारचा टीव्ही ओरडतो, अक्षरा अर्ध्यातच बंद करते. शेजारचा टीव्ही म्हणजे माझा. त्या दिवशी सत्याप्पा जेवला नाही. भिंतीपलीकडं भांडं वाजलं नाही, त्यावरून समजलं.

मग तो दिपालीकडं जाऊन शिकून आला. हँडीकॅमचा माइक म्हणे आपल्याआधी खोलीचं ऐकतो. म्हणून जवळ बसायचं, पंखा बंद करायचा आणि मोबाइलवर आवाजाचं रेकॉर्डिंग लावून तो शर्टाच्या खिशात ठेवायचा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. चित्रातली टाळी आणि मोबाइलमधली टाळी जुळवली, की दिपाली पुढचा सगळा आवाज बरोबर बसवते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून पठ्ठ्यानं दोरी बांधून तानीबाईनं शिवलेल्या चार वाकळा भिंतींवर टांगल्या. एप्रिलचा महिना, पंखा बंद, भोवती वाकळा! इडलीच्या भांड्यात बसल्यागत माणूस घामानं निथळायचा. मी विचारलं, आप्पा, सर्कस कधी सुरू होणार? तो म्हणाला, अर्धा तास टीव्ही बंद ठेव, मग सांगतो.

ठेवला. आणि अक्षरानं ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, तीही दोनदा. सत्याप्पानं गल्लीत पेढे वाटले. मला दोन दिले, टीव्हीचा मान म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात तो माझ्या दारात उभा. पेढ्यांचा दिवस सोडला, तर तानीबाई गेल्यापासून तो कुणाच्या उंबऱ्याला गेला नव्हता. त्यानं मोबाइल पुढं केला. अक्षराचा आवाज होता, "आजोबा, आता तुमचं सगळं ऐकू येतं. पण तुमच्याकडं कुणीच नसतं का?"

गोची अशी, की तो लेकीला कायम सांगायचा, घरात माणसांचा राबता असतो, एकटं वाटायला सवड न्हाय. पंखा, टीव्ही, गल्लीतली भांडणं, सगळं त्याच्या बाजूनं साक्ष देत होतं. आता आवाज इतका स्वच्छ झाला, की घर उघडं पडलं.

"मारुती, रविवारी येऊन बसतोस काय रं?" तो म्हणाला. "मधीच खोकायचं, च्या मागायचा. लई बोलू नको."

गेलो. त्यानं टाळी वाजवली. "अक्षरा, माणसं हैत गं घरात. ह्यो बघ मारुतीआजोबा." मी ठरल्याप्रमाणं खोकलो, चहा मागितला. त्यानंही आत बघून, जणू कुणी आहे, "च्या टाका गं" असं सांगितलं. मग गोष्ट झाली. त्यानं बटण दाबलं, मोबाइल खिशातून काढला. मी घाम पुसत उठलो, चपला घातल्या.

"बस की," तो म्हणाला.

"संपलं न्हवं रेकॉर्डिंग?"

"व्हय. म्हनून तर बस म्हनतोय."

चपला काढल्या, पंखा लावला आणि बसलो.