समर्थकडून हरणारा

ज्योतीराम आठवडाभर चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर गाड्यांचे पत्रे दाबायचा आणि रविवारी हरायचा. हरण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता.

मूळचा तो लातूरकडचा. गावच्या तालमीत त्याने खऱ्या कुस्त्या केल्या होत्या आणि बऱ्याच जिंकल्याही होत्या. पण चिखलीच्या सुमनताईंच्या कंपनीत कुस्ती आधी ठरायची आणि मग व्हायची. सुमनताईंचा घरचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. टीव्हीवरची रिंगमधली कुस्ती पाहून त्यांना वाटलं, रिंग म्हणजे तरी काय, छत नसलेला मंडपच. त्यांनी रिंग बनवून घेतली, धट्टेकट्टे गडी जमवले आणि गावजत्रा, सोसायट्यांचे गणपती, नगरसेवकांचे वाढदिवस असे कार्यक्रम घ्यायला लागल्या.

सुरुवातीला सगळे पाळीपाळीने जिंकायचे. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाईपर्यंत कोण जिंकलं ते विसरायचे. तेव्हा सुमनताईंनी ठरवलं, कुणातरी एकाला मोठं करायचं. त्यांनी आकुर्डीचा समर्थ निवडला. त्याचे केस चांगले होते.

"आणि मी?" ज्योतीरामने विचारलं.

"तू त्याच्याकडून हरायचं. तू एवढा थोराड दिसतोस की तुला पाडणारा मोठाच वाटणार."

ज्योतीरामला वाईट वाटलं, पण हातात घेतलेलं काम नीट करायची त्याला खोड होती. पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही, हे त्यानेच समर्थला शिकवलं. समर्थ त्याला डोक्यावर उचलायचा तेव्हा निम्मी उडी ज्योतीरामची असायची. लोकांना फक्त समर्थची ताकद दिसायची, आणि ती दिसावी म्हणूनच ती उडी होती.

समर्थचं नाव झालं. त्याचे रील लोकांच्या मोबाईलवर फिरू लागले. पोस्टरवर कंपनीचं नाव खाली सरकत सरकत छापखान्याच्या नावाशेजारी आलं. समर्थ सोडून बाकीच्यांच्या कुस्त्या लागल्या की लोक भेळ आणायला उठायचे. पण सुमनताईंना तारखा पुरत नव्हत्या, त्यामुळे यावर कुणी काही बोललं नाही.

मग दिल्लीच्या एका मोठ्या कंपनीने समर्थला बोलावलं. तो सुमनताईंच्या पाया पडला, ज्योतीरामला त्याने मिठी मारली आणि तो गेला. पाठोपाठ जत्रा कमिट्यांचे फोन आले. समर्थ नसेल तर आम्ही ऑर्केस्ट्रा बघतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळे गडी सुमनताईंच्या गोदामात कनातींच्या गठ्ठ्यांवर बसले. दिग्विजय नावाचा नवा पोरगेलासा गडी म्हणाला, "ताई, एकालाच मोठं केलं हेच चुकलं. तो गेला आणि सगळी कंपनी सोबत घेऊन गेला."

"त्याला मोठं केलं नसतं तर तुला इथं यायचं सुचलं असतं का?"

दिग्विजय समर्थचे रील बघूनच आला होता.

तेवढ्यात फोन वाजला. देहूच्या पलीकडच्या एका गावचे जत्रा कमिटीचे अर्जुनराव बोलत होते. सुमनताईंनी स्पीकर लावला.

"समर्थ न्हाई ते कळलं. पर त्याच्याकडून हरतो तो हाय का?"

"आहे."

"मग त्यालाच आना. आमच्याकडं त्याला समदे वळखत्यात."

ज्योतीरामने मान वर केली. त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हतं.

सुमनताईंनी ठरवलं, यावेळी त्याने दिग्विजयला हरवायचं. जत्रेच्या दिवशी तो रिंगमध्ये चढला तेव्हा लोकांनी त्याच्या नावाने हाका मारल्या. त्याला हात कुठे ठेवावेत कळेना. ठरल्याप्रमाणे त्याने दिग्विजयला उचललं आणि पोराला लागू नये म्हणून इतकं अलगद टेकवलं की पंच क्षणभर एक-दोन-तीन मोजायचाच विसरला. मोजून झालं तरी मैदान शांत. पहिल्या रांगेत अर्जुनरावांच्या आई मंजुळाबाई बसल्या होत्या.

"आज पडला न्हाई व्हय ह्यो," असं शेजारणीला म्हणून त्या टाळ्या वाजवू लागल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या.

परतताना टेम्पोत सुमनताई म्हणाल्या, "आता तुलाच मोठं करू."

जिंकणं ज्योतीरामला आवडलं होतं. तरी तो म्हणाला, "करा. पण दिग्विजयलाबी करा. एकदा मी हरतो, एकदा तो. एक गेला तर दुसऱ्याला लोकं ओळखत असतील."

"आणि दोघंही गेलात तर?"

"मी कुठं जायलोय, ताई? सोमवारी माझी फर्स्ट शिफ्ट असती."

तसंच ठरलं. समर्थच्या वेळेची गर्दी परत आली नाही, पण रिंग गोदामात धूळ खात पडली नाही. पोस्टरवर कंपनीचं नाव सगळ्यात वर गेलं. समर्थला मोठं करून फायदा झाला की तोटा, असं कुणी विचारलं तर सुमनताई "झाला की" म्हणतात. काय झाला ते सांगत नाहीत.

पुढे मोशीला कार्यक्रम होता तेव्हा ज्योतीरामची बायको विजयश्री पहिल्यांदाच बघायला आली. त्या दिवशी हरायची पाळी त्याची होती. दिग्विजयने त्याला रिंगच्या दोरांवरून उचलून पाठीवर टाकलं.

घरी जाताना गाडीवर मागे बसून तिने विचारलं, "लागत नाही का हो?"

"नाही."

"मला तर लागलंच असं वाटलं."

ज्योतीरामला हे फार आवडलं.